पाणी नको, ब्रश फिरवा

मी बोलतोय, बाबांनो, जरा खाली वाका. माझी उंची वीतभरच. मी रिमोटवर पळणारा ट्रक. चाकं जाड, पोटात बॅटरी, आणि दगडधोंड्यांतून उड्या मारत जायचा माझा धंदा.

माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. खोक्यात माझ्यासोबत एक पुस्तिका होती. पळून आल्यावर कोरड्या ब्रशानं माती झाडा, पाणी मारू नका, तेलाचा एकच थेंब द्या, असं तिच्यात लिहिलेलं. राजुरीच्या दादाभाऊंनी मला घरी आणलं आणि नवी वस्तू म्हणून पुस्तिकेला हळदकुंकू लावून ती देव्हाऱ्यात ठेवली. माणसांपैकी कुणी वाचली नाही. देवानं वाचली असली तर ठाऊक नाही.

दादाभाऊ मनाचे चांगले, पण नावाची हौस भारी. त्यांच्या सासरवाडीला, पेठेला, माझ्यासारख्या ट्रकांची शर्यत ठरली. शर्यतीच्या दोन दिवस आधीच पेठेच्या चौकात यांचा फ्लेक्स लागला: 'प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फ्लेक्सवाला लग्नाला गावी जाणार होता, म्हणून आधीच छापून घेतला. वर गॉगल लावलेले दादाभाऊ, खाली अकरा शुभेच्छुक. मी कुठंच नव्हतो. आता हरलो असतो, तर यांना सासरवाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

मग माझी सर्व्हिसिंग करायचं ठरलं. आपल्याकडं सर्व्हिसिंग म्हणजे धुणं. ट्रॅक्टर धुतात त्या फवाऱ्याखाली मला धरलं, तसा मी कोलांट्या खात गटारीपाशी जाऊन पडलो. वर ट्रॅक्टरचंच ग्रीस बोटबोटभर चोपडलं.

"आता कसा लोण्यावानी पळंल," दादाभाऊ म्हणाले.

त्यांची बायको नूतन ब्लाऊज शिवत होती. तिनं मान वर केली. "अहो, गिरीसला माती चिकटती. मी माझ्या मशिनला कधी आंघोळ घातली का?"

"तुझं मशिन बसून काम करतं. ह्यो मैदानातला गडी हाय."

शर्यतीला माझ्या गळ्यात हार घातला. तो तुटून चाकात गेला, तरी पहिली फेरी मी कशीबशी जिंकली. झालं! बैलगाड्यावर उधळतात तसा कार्यकर्त्यांनी माझ्यावर मुठीमुठीनं भंडारा उधळला. पिवळी पूड ग्रीसमध्ये बसली, तिच्यावर माती, आणि माझ्या दातेरी चाकांत पुरण शिजलं. कर्र झालं. मी जागीच बसलो. तिकडं शेवटची फेरी पुकारलेली.

नूतनच्या भावाचा, अमृतचा ट्रकही शेवटच्या फेरीत होता. तो हसला. "दाजी, फ्लेक्सवर पयले आलात, आता खाली बी या की!"

"नजर लागली, लिंबू आणा," एकजण म्हणाला. दुसरा पाण्याची बाटली घेऊन धावला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून नूतन आली. सारं माहेर बघत असताना पदर खोचून मातीतच बसली. पिशवीतून मशिनचा बारका स्क्रूड्रायव्हर, चिंधी आणि जुना टूथब्रश काढला. आधी बॅटरी सोडवली.

"हात पुढं करा." चार इवलेसे स्क्रू तिनं नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. "हलू नका."

दादाभाऊ हलले नाहीत. नाकावर माशी बसली, तरी नाहीत. नूतननं चिंधीनं ग्रीस पुसलं, दातांतून ब्रश फिरवला, दांडीला गुंडाळलेला हाराचा दोरा टाचणीनं उपसला. मग मशिनच्या तेलाचा एकच थेंब दिला. मला तर रडूच येईल असं वाटलं. पण आणखी ओलावा नको, म्हणून आवरलं.

कार्यकर्ते पुन्हा मुठी भरून आले. दादाभाऊ ओरडले, "भंडारा टाकू नका रं! हातात स्क्रू हायती!"

शेवटच्या फेरीत मी जीव तोडून पळालो. अमृतचा ट्रक एका चाकानं पुढं गेला.

"दुसरा क्रमांक, राजुरीचे दादाभाऊ!" भोंगा ओरडला. दादाभाऊंनी मान खाली घातली, मग जाऊन माईकच धरला. "थांबा राव. ट्रक हिनं चालता केला. नूतनचं नाव घ्या. मी नुस्तं स्क्रू धरलं."

निवेदक घोटाळला. मग म्हणाला, "दुसरा क्रमांक, नूतनताई! आणि स्क्रू धरणारे दादाभाऊ!" मैदान हसून लोळलं.

आता माझा एक डोळा, म्हणजे पुढचा दिवा, फुटलाय, पण चाकं हलकी फिरतात. नूतनच्या मशिनशेजारी फळीवर असतो. माझी पूजा जरूर करा, बाबांनो, पण आधी माती झाडा, एवढंच मागणं. दादाभाऊंना तर दोन्ही गावं 'स्क्रूधरे' म्हणतात. परवा पेठेचा एक पाहुणा बिघडलेला ट्रक घेऊन दारात आला, ते टोपणनाव तोंडावर कसं घ्यावं म्हणून चाचरला.

"या पावणं," दादाभाऊ तळहात पुढं करून म्हणाले, "स्क्रूधऱ्याचंच घर हाय."