नाकातलं बहुमत

माझ्या पुतणीच्या नाकात सत्ता कुणाची, हा प्रश्न घरात पहिल्यांदा तात्यांनी काढला. तात्या म्हणजे माझे वडील, सुंदरराव. बीडजवळच्या पालीच्या पुढं आमचं गाव. तिथं ते ग्रामपंचायतीच्या दर निवडणुकीत पॅनल उभं करतात. जग समजून घ्यायची दुसरी पद्धत त्यांच्याकडं नाही.

सहा वर्षांच्या संस्कृतीला दमा. बीडच्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "नाकात, श्वासनळीत जंतू सगळ्यांच्याच असतात. काही सांभाळून घेणारे, काही उपद्रवी. सर्दी झाली की उपद्रवी वाढतात आणि अशा लेकरांची छाती भरते."

"म्हंजी बहुमत त्यांचं," तात्या म्हणाले.

"तसं समजा."

"मग त्यातले थोडे फोडता येत्याल का?"

"नाही. दम्याचा पंप रोज द्या. सर्दीत धूळ-धुरापासून लांब ठेवा."

येताना गाडीत तात्या बोटांवर काहीतरी मोजत होते. न फुटणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. हे तर नुसते जंतू.

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी संस्कृतीला सर्दी होती. आणि तात्यांचं पॅनल निवडून आलं.

"तात्या, तिला नका नेऊ," वहिनी म्हणाली. "नाक वाहतंय."

"लोक इचारत्याल, नात कावून न्हाई. रुमाल बांधू की तोंडाला."

रुमाल बांधला. पॅनलच्या रंगाचा.

चौकात जेसीबी उभा होता. सकाळी त्याच बकेटनं नाली उपसली होती. आता त्यातून गुलाल ओतला. फटाक्यांची माळ लागली. कुणाला कुणी दिसेना. तात्यांच्या खांद्यावर संस्कृती खोकत होती. लोकांना वाटलं पोरगी घोषणा देतीय. त्यांनी जोरात साथ दिली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे होते. डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं, कापसाचा बोळा गुलाबी निघाला. दुसरा घेतला. तोही गुलाबी.

"आजोबा, बाहेर थांबा," नर्स तात्यांना म्हणाली. "तुमच्या अंगावरचं उडतंय."

तात्यांना आजवर कुठूनच कुणी बाहेर काढलं नव्हतं. ते निमूट निघाले. काचेबाहेर माझ्याशेजारी उभे राहिले. अभिनंदनाचे फोन येत होते, खिसा थरथरत होता.

"आता बहुमत कुणाचं हाय बे?" त्यांनी हळूच विचारलं.

आत मास्कमधून वाफ निघत होती. वहिनी पोरीचा पाय धरून बसली होती. संस्कृतीची छाती वर गेली. आम्ही दोघं ती खाली यायची वाट बघत राहिलो.