राहिलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुनं मतदान यंत्र आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं काय कौतुक! शिक्का नको, बाद मत नाही, पेटी पळवून कागद कोंबायची सोय नाही, दुपारच्या आत निकाल. मीही जरा फुगलोच होतो.

पाच वर्षांपूर्वी लोहगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या शाळेत मला मांडलं. ग्रामपंचायत आजवर बिनविरोध व्हायची, त्या वर्षी पहिल्यांदाच लढत होती. प्रभागात जागा दोन, म्हणून प्रत्येकाने बटणं दोन दाबायची. पहिल्या यादीत श्रीपती, दुसऱ्या यादीत राजेश्वरी. वाडीचा झरा एका रिसॉर्टला द्यायचं घाटत होतं. ते अडवायला ती उभी होती.

धोंडिबा आबा आले. श्रीपती त्यांच्या भावकीतला. त्याचं बटण दाबून ते निघाले. दुसरं मत बाकी होतं, त्यामुळे माझा बीप वाजला नाही.

केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या, "आबा, अजून एक दाबायचंय."

"एका मानसाला एकच मत. दोनदा दाबाया मी चोर न्हाई."

आमदार-खासदाराला आबांनी जन्मभर एकेकच मत दिलेलं. मॅडमनी परोपरीने समजावलं, पण आबा गेले. मग नियमाप्रमाणे, सर्वांच्या प्रतिनिधींसमोर, त्यांचं दुसरं मत 'वरीलपैकी कोणीही नाही'ला टाकलं गेलं. मी इमानाने बीप वाजवला.

मोजणीत राजेश्वरीची समोरच्या उमेदवाराशी बरोबरी झाली आणि चिठ्ठीत ती हरली. यंत्र फिरवलंय, असा गलका झाला. ते खोटं ठरवायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. मला फार लागलं ते.

यंदा पुन्हा त्याच शाळेत आलो. रांगेतल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं, झरा पाइपातून रिसॉर्टला गेला. पाण्यासाठी आता ओढ्यात उतरावं लागतं. गेल्या वैशाखात आबांची बायको रतनबाई हंड्यासकट कातळावरून घसरली, ती उठलीच नाही.

आबा एकटेच आले. दोन्ही बटणं दाबली, बीप वाजला, तरी ते हलेनात.

"बाई, मागच्या बारीचं एक राह्यलंय. तेवढं दाबू द्या."

"आबा, ते आता होत नाही हो."

"व्हय," म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

मित्रांनो, त्या दिवशी मी चुकलो नव्हतो, मॅडमही चुकल्या नव्हत्या. मला मोजता येतं, समजावता येत नाही. ते काम तुमचं. मतदानाच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ घटकाभर बसा, किती बटणं दाबायची ते सांगा. मी एकदा वाजलो की कोणालाच काही करता येत नाही.