म्हाताऱ्याची मोठी अक्षरं

आमच्या लेकाला, तालायला, हुशारीची खाज भारी. सून बुरुल नारिनला माहेरी गेली, तेवढ्यात या पोरानं बापाचा कॉम्प्युटर फार रेंगाळतो म्हणून सगळा पुसला आणि नव्यानं भरला. वर माझ्याकडे शाबासकी मागायला आला.

दुसऱ्या दिवशी माझा म्हातारा नेहमीसारखा बुद्धिबळ खेळायला बसला. त्याचा पलटणीतला दोस्त झाकीप काराकोलला असतो; दोघांचा रोज दुपारी कॉम्प्युटरवर डाव रंगतो. पण आता अक्षरं मुंगीएवढी झालेली, पडद्यावरचा बाण हाताला दाद देईना. उंट हलवायला गेला आणि वजीर घालवून बसला. झाकीपला फोन करून म्हणाला, डोळे गेले, हातही गेला, दुसरा कुणी गडी शोध. मग शेगडीपाशी बसला तो उठेचना. गरम तळलेले बोरसोक पुढ्यात ठेवले तरी हूं नाही की चूं नाही. आयुष्यभर या माणसाशी भांडत आले, पण असा गप्प बसलेला मला बघवेना.

बुरुल परतली तशी मी तिच्यापुढे रडगाणं गायलं. ती म्हणाली, सगळ्या सेटिंगची नक्कल मी पेनड्राइव्हवर ठेवली आहे. तालायनं बापाच्या नावानं शोधून शोधून पेनड्राइव्ह पालथा घातला.

"अगं, बाबांच्या नावाचं इथं काहीच नाही."

"सासऱ्यांचं नाव मी लिहीन होय?" बुरुल पुटपुटली. "'घरातले मोठे' बघा."

मला हसू आवरेना. थोरांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. बोटांनीही पाळेल असं वाटलं नव्हतं.

त्या नावाखाली एक नाही, बऱ्याच नकला निघाल्या, आणि दर नव्या नकलेत अक्षर आधीपेक्षा मोठं, बाण आधीपेक्षा सावकाश. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागल्यापासून ही पोर अक्षर गुपचूप वाढवत आली होती.

शेवटची नक्कल चढवून म्हाताऱ्याला आणून बसवलं. त्यानं घोडा हलवला, नेमका हव्या त्या घरात ठेवला. पडद्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तालायला चहा आणायला पिटाळलं आणि सुनेकडे न बघता म्हणाला,

"पुढच्या वेळी अक्षर वाढवशील ना, तेव्हाही मला सांगू नकोस हं, बाळा."