असंगत माणसाची माय

मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अमरदीपला एकटेपणाचं भारी वेड. म्हणजे पुस्तकातल्या एकटेपणाचं. स्वतः कधी टपरीवर एकटा बसला असेल तर शपथ. चार पोरं भोवती जमवून 'माणूस अखेर एकटाच' हे ऐकवल्याशिवाय गड्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्याची माय कमलीबाई इंझोरीत राहायची, बाप भाऊसिंग गेल्यापासून एकटी. "मले तुयापाशी घेऊन चाल," असं ती दिवाळीपासून म्हणत होती. साहेबांना लेखनासाठी एकांत हवा होता, म्हणून फोनवर नुसतं "बघू."

अशात त्याचं जाहीर व्याख्यान ठरलं. सभागृह भरायला माणसं कमी पडत होती, तेव्हा माय आठवली. "असंगत माणसावर बोलणार आहे, ये," त्याने फोनवर सांगितलं. असंगत म्हणजे ज्याच्या जगण्याला अर्थाचा मेळ लागत नाही असा, एवढं समजावण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता.

कमलीबाई पहिल्या रांगेत बसली. भिंतीशी बोलणारा माणूस, हाक मारली तरी ओ न देणारं जग, असं तो रंगवून सांगू लागला, तशी ती पदराने डोळे पुसू लागली. ते बघून अमरदीपला चेव चढला. त्याने आवाज आणखी कातर केला. काय तो कळवळा! टाळ्या थांबेनात.

गर्दी पांगल्यावर माय गाठोडं घेऊन समोर उभी.

"आई, हे काय?" घरातली माय कॉलेजात आई व्हायची.

"कपडे. बकरी शेजारच्या धनीबाईले देऊन आली. असंगत म्हनजे ज्याले संगत नाही तो, मी फोनवरच समजली. आता त तू समद्यायसमोर बोलला माह्याबद्दल. चाल घरी."

अमरदीपने आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकत नव्हतं, म्हणून त्याला धीर आला.

"ते तुझ्याबद्दल नव्हतं, आई. माणसाच्या एकटेपणाबद्दल होतं. एकंदर माणसाच्या."

"असं होय," कमलीबाई ओशाळली. "मले वाटलं माह्याबद्दलच हाय."

त्याने तिला स्टँडवर नेलं, इंझोरीच्या गाडीत बसवलं, गाठोडं मांडीवर दिलं. गाडी हलताना ती खिडकीतून म्हणाली, "पन बरोबर बोलला तू. असंच रायते बाप्पा, रोज."

ही दादही अमरदीपने मान लववून घेतली.