शिरीषाची आसवं

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी शिरीषाखाली टपटप थेंब पडत होते. गुड फ्रायडेची सकाळ. कौका खोऱ्यातल्या त्या वनस्पती उद्यानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका तोंड वर करून थेंब झेलत होत्या आणि गावचा वैदू डॉन एवेलियो त्याच थेंबांनी भरलेल्या बाटल्या नाचवत गर्जत होता, "येशूसाठी झाड रडतंय, लेकरांनो! मधुमेह, मिरगी, नवऱ्याची दारू, सगळ्यावर हाच थेंब! आणि हे मी नाही सांगत. या झाडाला सगळं कळतं, असं इथल्या बाईच शिकवतात!"

निदिया गर्दीतून वाट काढत पुढे सरकली. शाळांच्या सहलींना उद्यान दाखवणारी ती बाई तीच. चार वर्षं ती मुलांना याच खोडाला बिलगायला लावून सांगत होती, "झाड ऐकतं बरं का, तुमचं दुःख याला सांगा." मुलं झाडाला जीव लावत, म्हणून तिला ही युक्ती फार आवडायची.

गर्दीत तिच्या ओळखीची रोसमीरा बसली होती. मांडीवर तिची नऊ वर्षांची लेक युरानी, कपाळाला मोठी खोक.

"हे काय झालं गं?"

"काल फिट आली, बाई. पायरीवर पडली."

"आणि गोळ्या?"

"रविवारपासून बंद. गोळी घेतली तर आसवांचा गुण येत नाही, म्हणाले डॉन."

निदिया धावतच खोलीत गेली आणि लांब दांड्याची जाळी आणि एक कोरा कागद घेऊन आली. फांदीवर किर्र करणारा एक चिचारा किडा तिने पकडून सगळ्यांसमोर धरला. त्याने तिच्या हातातल्या कागदावर पिचकारी मारली.

"दर उन्हाळ्यात हे हजारोंनी येतात. दिवसभर झाडाचा रस ओढतात आणि नको ते पाणी मागून सोडतात. तुम्ही किड्यांचं मूत पिताय!"

"शी!" बायका बाहीने तोंडं पुसू लागल्या.

"देव किड्यांकडूनही काम करून घेतो!" एवेलियो ओरडला.

"मग देवाला म्हणावं, ही खोक बुजव!" एक म्हातारी कडाडली. एवेलियोने बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि काढता पाय घेतला.

रोसमीरा मात्र निदियाकडेच बघत होती. "त्यानं फसवलं, कळलं. पण तुम्ही कशाला बोललात तसं?"

"मुलांना गंमत वाटावी म्हणून. चुकलंच माझं." निदियाने युरानीला उचललं. "चल, आधी दवाखान्यात. आणि रोसमीरा, यापुढे कुणीही काही सांगितलं, अगदी मी सांगितलं, तरी पहिल्यांदा विचार: कशावरून?"