मागच्यासाठी लावलेला दगड

मी खाणीतला दरवाजा बोलतोय. जाडजूड, लोखंडी, कडेला पोचे पडलेला. दरवाजाचं कोण ऐकतं म्हणा, सगळे ढकलून पुढे जातात. पण आज जरा थांबा.

माझा जन्म खाणीच्याच वर्कशॉपमधला. वेल्डरने मला जोडलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाबा रे, तोंड मिटून राहा, म्हणजे झालं!" मग मला खूप खोल नेलं. तिथला दगडसुद्धा तव्यासारखा तापलेला. वरून थंड केलेली हवा एका बोगद्याने टोकाच्या माणसांपर्यंत जायची आणि शेजारच्या बोगद्याने परत यायची. दोन्हींच्या मधल्या वाटेत मी. मी उघडा राहिलो की हवा आडवाटेने माघारी पळायची, टोकाचे घामाघूम.

पण माणसांची रीतच होती, मागून येणाऱ्यासाठी माझ्या फटीत दगड लावून जायचं. जो लावणार नाही तो आपमतलबी. मला त्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची. तेव्हा ते खपून जायचं, कारण हवा ढकलणारा वरचा पंखा सदैव पूर्ण जोरात फिरायचा.

पुढे वीज वाचवायचं ठरलं. एक इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी भिंतींच्या भेगा लिंपून घेतल्या, मला रबरी पट्टी बसवली. "दरवाजे बंद राहिले तर पंखा निम्म्या वेगातही पुरेल," त्या म्हणाल्या. "पण आता दगड अजिबात नको हं. उधळायला जास्तीची हवा उरणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. हवा खरंच पुरली.

टोकाला दोघे भाऊ काम करायचे. धाकटा बडबड्या, थोरला अबोल. डब्यातला मोठा वाटा मात्र धाकट्याचा. एकदा पाळी संपल्यावर धाकटा माझ्यातून बाहेर पडला आणि सवयीने दगड लावून ओरडला, "दादा, दरवाजा उघडा ठेवलाय रे तुझ्यासाठी!"

"आलोच! ड्रिल अडकलंय, तेवढं काढतो."

धाकटा लिफ्टपाशी जाऊन गप्पांत रमला. इकडे दादाच्या वाट्याची सगळी थंड हवा माझ्या फटीतून निघून चालली होती. मला ती जाताना कळत होती. मिटावं म्हणून जीव तळमळला, पण दगड हलेना.

वाट पाहून धाकटा परतला, तेव्हा दादा ड्रिलशेजारी आडवा पडलेला. उष्म्याने त्याचा जीव घेतला होता. त्याला खांद्यावर घेऊन येताना धाकट्याच्या पायाला तोच दगड लागला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे थोरला मेल्यावर सगळ्यांची गेली. माझ्या जागी आपोआप मिटणारा दरवाजा आला आणि मी वर भंगारात, एका भिंतीला टेकून.

धाकटा कधीमधी येतो, माझ्याशेजारी बसतो. वाऱ्याने मी किंचित हललो की दचकून उठतो आणि मला दोन्ही हातांनी भिंतीशी घट्ट दाबून धरतो. माझ्यामागे आता ना बोगदा, ना दादा.

बाळा, सोड रे मला. इथे हवा भरपूर आहे.