आजोबांचा परवलीचा शब्द

कोणीही न्यायला आलं तर आधी परवलीचा शब्द विचारायचा, हा नियम माझाच. त्यावर मी घरात भाषणं ठोकली होती. शब्द मात्र लेकीने आणि बाबांनी ठरवला, कारण तिला शाळेतून आणायचे तेच.

बाबा गेल्यावर मी धाकट्या भावाला पाठवलं. त्याचा फोन आला, "ताई, तुझी पोरगी फाटकातून हलत नाही. शब्द काय आहे?"

नियम करणाऱ्या विदुषीला तो माहीतच नव्हता. मी धावत गेले.

"अगं, मामा आपलाच ना?"

"आजोबा म्हणाले होते, शब्दाशिवाय मामाबरोबरही नाही."

"बरं, मला तरी सांग."

"तो आजोबांचा आहे. आपण नवा ठरवू."

फाटकातच आम्ही नवा ठरवला. तो मी दोनदा म्हणून दाखवला, मगच ती निघाली.